धंतोली, तळघर, रात्रपाळी

वर रस्त्यावर मे महिना रात्रीही डांबर चाटतोय,
खाली माझ्या खोलीत अठरा अंशांचा हिवाळा.
मशीनला ऊन सोसत नाही.

भाऊदास ठवरे, वय बेचाळीस,
खामल्याला कूलर भाड्यानं देतो, म्हणजे
स्वतःच पाठीवर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढवतो.
करदोडा काढायला सांगितला तर लाजला.
चांदीचा होता, बापानं घातलेला.
मग आडवा होता होता म्हणाला,
"भौ, याच्यात दिसन ना माहं दुखनं?"

कानांत बोळे दिले, हातात रबरी फुगा.
घाबरलात तर दाबा. वीस मिनिटं हलू नका.
"हालता आलं असतं तं इथं कायले आलो असतो?"

मग ती ठकठक, घरघर,
इतवारीत कुणी टिनाच्या पेट्या ठोकत बसल्यासारखी,
आणि पडद्यावर एकेक मणका उतरत आला.
मधल्या गाद्या ओलसर, पांढऱ्या,
वयाच्या मानानं झकास.
एका जागी केसभर फुगवटा.
बस.

बाहेर आला तो भिंत धरून.
दुसऱ्या हातानं कंबर धरलेली,
रडतं पोर कडेवर धरावं तशी.
"काय निंगालं?"
मी सांगायचं नसतं, डॉक्टर सांगतात.
आणि सांगणार तरी काय?
आठ हजार मोजून काही निघालं नाही
तर घरचे म्हणतात, मग दुखतं कशाला?

त्याला हेही सांगितलं नाही, की
मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी
इंजिनिअर नवी कॉइल बसवायला आला,
म्हणाला, तपासायला कुणीतरी आडवं व्हा.
मीच झालो.
माझी एल-चार, एल-पाचची गादी
काळी, चपटी, मागे सरकून नसेला टेकलेली.
खालचीही फाटकी.
तो म्हणाला, "तुम्ही चालता कसे?"
मी मानेवाड्याहून सायकलनं येतो.
दोन दिवसांनी लेकीला खांद्यावर घेऊन
मारबत दाखवली, तीन तास, गर्दीत.
पण चित्र पाहिल्यापासून आठ दिवस
बादली उचलताना मी दबकायचो,
आणि खरंच दुखायचं.
नवव्या दिवशी विसरलो.

असंही नाही की मशीन उगाच आहे.
फाल्गुनात कळमन्याच्या एक बाई आणल्या,
दोन्ही पाय बधिर, लघवी कळत नव्हती.
डॉक्टर मिराशींचा फोन, रात्री दीडला:
आत्ता घे, बिल मागाहून.
पडद्यावर नसांचा झुपका पिळल्यासारखा.
पहाटे ऑपरेशन.
त्या रात्री मशीन मिठाला जागलं.
बाई आता संत्र्यांची छाटणी करतात, उभ्यानं.

त्याच मिराशी मॅडम उद्या भाऊदासचं पाकीट
टेबलावर उपडं ठेवतील.
आधी टाचांवर चालायला लावतील, मग चवड्यांवर,
पाय सरळ वर उचलतील, विचारतील:
ताप? वजन उतरलं? रात्री दुखण्यानं जाग येते?
मग कूलरचं विचारतील. मग बायकोचं.
पाकीट सगळ्यात शेवटी, तेही चष्मा न लावता.
म्हणतील, चिरफाड नको. झोपून राहू नकोस, चालत राहा.
तिसऱ्या मजल्याला पोरगा ठेव.
सहा आठवडे.
तो म्हणेल, "फोटो तं पाहा ना नीट, मॅडम."
हे सगळे म्हणतात.

सकाळी सातला माझी पाळी संपली.
फाटकापाशी भाऊदास,
रात्रभर बाकावर बसून राहिलेला, हातात फिल्म.
ऊन एव्हाना चटका द्यायला लागलं होतं.
त्यानं फिल्म सूर्यासमोर धरली,
एक डोळा मिटला,
आणि ऑटोवाल्याला दाखवलं,
"हे पाय, इथं दुखते."

बोट होतं फिल्मच्या काळ्या कोपऱ्यावर,
जिथं काहीच छापलेलं नव्हतं.
ऑटोवाला हळहळला, "बापरे."
मी सायकलचं कुलूप काढलं.